घरी कॅथेटर (लघवीसाठी मूत्राशयात घातलेली नळी) असताना नळी आणि पिशवी कशी सांभाळावी

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. कूस बदलताना किंवा व्हीलचेअरवर बसवताना ती रुग्णाच्या पोटावर ठेवण्याची सवय फार वाईट. लघवी उलटी मूत्राशयाकडे जाते आणि जंतुसंसर्ग होतो.

पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. आधी साबणाने हात धुवा, खालची तोटी भांड्याला टेकू देऊ नका. नळी-पिशवीचा जोड उगाच उघडू नका. नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटवा. रोज साध्या साबण-पाण्याने, शरीराकडून बाहेरच्या दिशेने पुसा, पावडर नको.

लघवी येईनाशी झाली तर नळी दुमडली किंवा अंगाखाली दबली आहे का बघा. बद्धकोष्ठानेही नळी दबते. हे सगळं ठीक असूनही पिशवी कोरडी आणि ओटीपोट फुगून दुखत असेल, तर नळी तुंबलेली असू शकते. लगेच दवाखाना गाठा. नळी स्वतः ओढू नका! आत साधारण 10 मिली पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्याने मूत्रमार्ग फाटू शकतो. थंडी वाजून ताप आला किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तरी सकाळपर्यंत थांबू नका.