वेबर दिसला की आधी विचारा, कोणता वेबर?

जर्मन भाषेत ‘वेबर’ म्हणजे विणकर, आपल्याकडचा कोष्टी किंवा साळी. धंद्यावरून पडलेलं आडनाव असल्यामुळे ते गावोगाव आढळतं. त्यातून एकमेकांशी काडीचं नातं नसलेले अनेक वेबर पाठ्यपुस्तकांत येऊन बसले आहेत. टिपणं काढताना किंवा भाषांतर करताना यांची सरमिसळ हमखास होते. ती टाळायची तर आडनावाशी अडून न बसता त्याच्या शेजारचा शब्द पाहा: एकक, अंक, नियम, चाचणी की रेषा?

एकक असेल तर तो विल्हेल्म एडुआर्ड वेबर (१८०४–१८९१). गणितज्ञ गॉससोबत १८३३ साली ग्योटिंगेनमध्ये विजेवर चालणारी तारयंत्रणा उभारणारा भौतिकशास्त्रज्ञ. ‘वेबर’ हे चुंबकीय प्रवाहाचं एकक आहे: एक वेबर म्हणजे एक व्होल्ट-सेकंद, आणि दर चौरस मीटरला एक वेबर म्हणजे एक टेस्ला. उदाहरणं सोडवताना चूक बहुतेक वेळा क्षेत्रफळात होते. २० सेंमी बाजूच्या चौरस वेटोळ्यातून ०.५ टेस्लाचं क्षेत्र काटकोनात जात असेल, तर ०.५ × ०.०४ = ०.०२ वेबर. सेंटीमीटरचे मीटर करायचे राहिले की उत्तर २०० येतं. प्रयोगशाळेतल्या वेटोळ्याला २०० वेबर आले, तर गणित पुन्हा करा.

अंक असेल तर मॉरिट्झ वेबर (१८७१–१९५१). वाहत्या द्रवाचा जोर पृष्ठताणाला किती भारी पडतो, हे वेबर अंक सांगतो: घनता × वेगाचा वर्ग × लांबी (थेंबासाठी व्यास), भागिले पृष्ठताण. इथे घोटाळा घनतेचा. २ मिमी व्यासाचा पावसाचा थेंब सेकंदाला सुमारे ६.५ मीटर वेगाने पडतो, पाण्याचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. थेंब हवेत फुटेल का, असा प्रश्न असेल तर हवेची घनता (१.२) घ्या, अंक येतो १.४ च्या आसपास. तोच थेंब फरशीवर आपटून उडेल का, हे पाहायचं तर पाण्याची घनता (१०००) घ्या, अंक जातो ११७० च्या पुढे. सूत्र तेच, थेंबही तोच. म्हणून अंकाशेजारी कोणती घनता घेतली ते लिहून ठेवा.

नियम किंवा ज्ञानेंद्रियांची गोष्ट असेल तर एर्न्स्ट हाइनरिख वेबर (१७९५–१८७८), विल्हेल्मचा थोरला भाऊ. जाणवण्याइतका किमान फरक मूळ उद्दीपनाच्या ठरावीक प्रमाणात असतो, एवढाच त्याचा नियम. त्यावरून पुढे आलेलं लॉगॅरिदमचं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ फेश्नरचं (१८६०), ते वेबरच्या नावावर खपवू नका. रोहू, कटला, मृगळ या माशांच्या कवटीमागे पहिल्या काही मणक्यांलगत जी बारीक हाडांची साखळी असते, तिलाही याच वेबरचं नाव आहे. ती वाताशयातली (माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतली) कंपनं अंतर्कर्णापर्यंत पोचवते. पापलेट-सुरमईत ती शोधत बसू नका, नसते. रोहूतसुद्धा डोकं कवटीला अगदी लागून कापलं असेल तर साखळी तुटलेलीच मिळेल.

नादकाट्याची वेबर चाचणीही एर्न्स्टच्याच नावाची. ती घरी करून बघता येते. ५१२ हर्ट्‌झचा काटा घ्या. १२८ चा घेतला तर आवाज ऐकू येण्याऐवजी हाडातली थरथर जाणवते आणि उत्तर फसवं येतं. काटा गुडघ्यावर किंवा कोपरावर हलकेच आपटा, टेबलाच्या कडेवर नको, कारण त्यातून भलतेच वरचे सूर निघतात. दांडीचं टोक कपाळाच्या मधोमध घट्ट टेकवा आणि विचारा, ‘आवाज कुठे येतोय?’ ‘कोणत्या कानात?’ असं विचारलं की समोरचा उगाच एक कान निवडतो. दोन्ही कान सारखे असतील तर आवाज मध्ये येतो. आता एका कानात बोट घाला: आवाज बंद कानाकडे सरकतो! मळ साचला किंवा पडद्याला भोक पडलं की नेमकं हेच होतं, आवाज अधू कानाकडे जातो. दोष आतल्या नसेत असेल तर उलट, चांगल्या कानाकडे. दोन्ही कान सारखेच अधू असले तरी आवाज मध्येच येतो, म्हणून डॉक्टर जोडीला रिने चाचणी करतात, म्हणजे हवेतून आणि हाडातून येणारा आवाज ताडून पाहतात.

दवाखान्याच्या कागदावर मात्र सावध राहा. मध्यमेंदूचा ‘वेबर सिंड्रोम’ हर्मान वेबरचा, ‘स्टर्ज-वेबर’ हा दुसरा सिंड्रोम त्याच्या मुलाचा, लंडनच्या फ्रेडरिक पार्क्स वेबरचा. घोट्याच्या एक्स-रेवरचं ‘वेबर बी’ हे स्विस अस्थिशल्यविशारद बर्नहार्ड वेबरच्या वर्गीकरणातलं: ए म्हणजे नडगीची दोन हाडं जिथे बांधलेली असतात त्या सांध्याखाली हाड मोडलेलं, बी त्याच पातळीवर, सी त्याच्या वर.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी: समाजशास्त्रात मॅक्स वेबर (१८६४–१९२०), भूगोलात त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड (१८६८–१९५८). उद्योगांच्या स्थाननिश्चितीचा १९०९ चा सिद्धांत आल्फ्रेडचा. कच्च्या मालाचं वजन भागिले पक्क्या मालाचं वजन, हा त्याचा निर्देशांक. दहा टन उसातून साधारण टनभर साखर निघते, म्हणजे निर्देशांक दहा. एकाहून इतका जास्त आला की कारखाना उसाच्या फडाजवळच हवा. पहिलं नाव मिळालं म्हणजे सुटलो असंही नाही. इंडोनेशियाच्या बेटांमधून जाणारी, आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांमधली सरहद्द दाखवणारी प्राणिभूगोलातली ‘वेबर रेषा’ मॅक्स वेबरचीच, पण तो प्राणिशास्त्रज्ञ मॅक्स वेबर (१८५२–१९३७). आणि वेदवाङ्मयाच्या तळटीपेत ‘वेबर’ आला तर तो बहुधा बर्लिनचा संस्कृत प्राध्यापक आल्ब्रेख्ट वेबर (१८२५–१९०१), शुक्ल यजुर्वेदाचा संपादक.

लिहिताना आपली लिपी कामाची ठरते. जर्मन उच्चार आपल्या ‘व’च्या जवळचा आहे, इंग्रजीसारखं ओठ गोल करून म्हणू नका. व्यक्तीला ‘वेबर यांनी’, नियमाला ‘वेबरचा’, एककाला विभक्ती न लावता ‘पाच वेबर’. नाव पहिल्यांदा येतं तिथे पूर्ण नाव आणि वर्षं द्या, पुढे नुसतं वेबर चालेल. एकाच लेखात दोन वेबर आले तर मात्र शेवटपर्यंत पहिलं नाव लावा. एर्न्स्ट आणि विल्हेल्म यांनी १८२५ साली लाटांवर मिळून पुस्तक लिहिलंय, तिथे नुसता ‘वेबर’ लिहिलात तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.