तीन मजली घरात वाय-फाय: आधी वायर ओढा, मग डबा निवडा

साताऱ्यात बंगला बांधताना माणूस टाइल्स बघायला मोरबीपर्यंत जाऊन येतो, पण नेटची वायर कुठून जाणार हे वास्तुशांत झाल्यावर विचारतो. मग फोन येतो, "खाली फुल रेंज आहे, वर मुलाची मीटिंग सारखी तुटते. जरा पॉवरफुल राऊटर बसवून द्या की." मी सीसीटीव्ही आणि नेटचं वायरिंग करतो. या फोनला माझं उत्तर ठरलेलं: डबा बदलून भागणार नाही, मधे स्लॅब आहे.

स्लॅब पाच-सहा इंचांचा, आत सळयांची जाळी, वर फरशी. वाय-फायच्या नेहमीच्या दोन बँडपैकी २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यातून रडतखडत वर पोचतो. खरा स्पीड मिळतो ५ गिगाहर्ट्झवर, आणि तो एका स्लॅबमध्येच अर्धमेला होतो, दुसऱ्यात बहुतेक संपतो. राऊटर कितीही जोरात ओरडला तरी फोनचा आवाज तेवढाच राहतो. फोनला राऊटरचं ऐकू येतं, राऊटरला फोनचं नाही. म्हणून तर कांड्या भरपूर दिसतात आणि व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो.

तेव्हा दर मजल्याला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरने आलेलं नेट वाय-फायवर देणारा डबा, आणि प्रत्येकाला खालच्या स्विचपासून (एका नेटच्या वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा) कॅट-६ची, म्हणजे नेटच्या केबलची, स्वतंत्र वायर. मेशचे डबे, म्हणजे घरभर ठेवून एकच वाय-फाय देणारा संच, वायरशिवायही एकमेकांशी बोलतात, पण दोघांच्या मधे तोच स्लॅब असतो. शिवाय एकाच रेडिओवर घ्यायचं आणि पुढे द्यायचं म्हटलं की स्पीड साधारण निम्मा होतो. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला हात लावता येत नाही, तिथे मेश ठीक. स्वतःच्या घरात वायरच.

भिंतीला ड्रिल लावण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला द्या. ॲक्सेस पॉइंट एक्स्टेंशन बोर्डावर चालू करून उंच स्टुलावर किंवा कपाटावर ठेवा आणि अँड्रॉइड फोनवर एखादं वाय-फाय ॲनालायझर ॲप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरा. दारं बंद करून, कारण रात्री ती बंदच असतात. आकडा उणे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, दिसतो. उणे ६५पर्यंत उत्तम, उणे ७०पर्यंत चालून जातं, उणे ७५च्या पुढे गेलं की व्हिडिओ कॉल अडखळणार. पलंगावर बसून, फोन नेहमी धरता तसा धरून बघा. नुसतं दारात उभं राहून मोजू नका.

बहुतेक घरांत सगळ्यात चांगली जागा म्हणजे मधल्या पॅसेजचं छत. छतावरचा ॲक्सेस पॉइंट मुख्यतः खाली आणि चहूबाजूंना सिग्नल टाकतो. खालच्या मजल्यावरच्या डब्याने वरची खोली सांभाळावी ही अपेक्षा त्याच्याकडून नको. घर लहान असेल, मजल्यावर दोनच खोल्या असतील, तर जिन्याच्या लँडिंगवरच्या एकात दोन मजले भागतात. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाच्या आड, मोठ्या आरशाशेजारी मात्र लावू नका. "दिसायला बरं नाही" म्हणून बायकामुलं तो माळ्यावर ढकलतात, तोही प्रकार टाळा.

पेठेतल्या जुन्या वाड्यात गणित उलटं असतं. लाकडी तक्तपोशीतून सिग्नल बऱ्यापैकी जातो, पण दीड-दोन फुटी भिंत त्याला अडवते. तिथे मजले मोजू नका, भिंती मोजा.

खरेदी करताना खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा मागचं पोर्ट बघा. गिगाबिट हवं. स्वस्तातल्या कित्येक डब्यांना अजून १०० एमबीपीएसचंच पोर्ट असतं. वाय-फाय ६, दोन बँड आणि पीओई ८०२.३एएफ एवढं असलं की घराला पुरतं. पीओई म्हणजे वीजही त्याच नेटच्या वायरमधून जाते, छताजवळ प्लग लागत नाही. आणि आपल्याकडे याचा खरा फायदा लाइट गेल्यावर कळतो: खाली मोडेम आणि पीओई स्विच एका यूपीएसवर टाकले की तिन्ही मजल्यांचं नेट चालू.

वायर घेताना दुकानातच टोक सोलायला सांगा आणि तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. पीओईला ती नकोच. पूर्ण तांबं हवं. डिश टीव्हीचा जुना पाइप रिकामा असेल तर त्यातून वायर ओढा, पण लाइटच्या वायरींच्या पाइपातून नाही.

घरात जुना राऊटर पडून असेल तर तोही वापरता येतो. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका. तो मोड नसेल तर त्याचा आयपी पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर लॅन पोर्टात घाला.

सेटिंग फार नाही. सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच. २.४वर चॅनेल १, ६, ११, मजल्यागणिक वेगळं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. २.४ची पॉवर कमी ठेवा, नाहीतर तुम्ही वर गेलात तरी फोन खालच्यालाच चिकटून बसतो. लोकांना पॉवर कमी करणं पटत नाही. करून बघा म्हणतो.

गच्चीवरच्या खोलीला वायर शक्यतो घराच्या आतल्या डक्टमधून न्या. बाहेरून न्यायचीच तर उन्हाला टिकणारी काळी आउटडोअर केबल घ्या. आवारातल्या वेगळ्या आउटहाउसला मात्र तांब्याची वायर नको, फायबर टाका. वळवाच्या विजा कडाडल्या की तांब्याच्या लांब वायरीतून आलेल्या झटक्याने दोन्ही टोकांची पोर्टं जाऊ शकतात, फायबरमधून तो येत नाही.