सॅच्युरेशन १०० दिसलं म्हणून जीए सुरू करू नका: सिझेरियनमधल्या या चुका टाळा

हल्ली बहुतेक सिझेरियन स्पायनलवरच (पाठीत सुई देऊन कमरेखालच्या भुलीवर) होतात. जीए, म्हणजे पूर्ण बेशुद्ध करणारी भूल, द्यायची वेळ येते ती नेमकी धावपळीत: बाळाचे ठोके पडलेले, प्लेटलेट्स कमी, नाहीतर स्पायनल लागलेलंच नाही. अशा वेळी भुलीआधी फुफ्फुसात ऑक्सिजन भरण्यासाठी (प्रीऑक्सिजनेशन) मास्क धरून घालवलेली तीन मिनिटं ओटीतल्या सगळ्यांनाच जड जातात. चुका तिथंच होतात.

दिवस भरलेल्या बाईचं गर्भाशय श्वासपटल वर ढकलतं. श्वास सोडल्यावर फुफ्फुसात उरणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते, उताणं झोपवल्यावर आणखी. उलट ऑक्सिजनचा खप निदान २० टक्के वाढलेला, कळा चालू असतील तर त्याहून जास्त. म्हणजे साठा लहान आणि उपसा मोठा. श्वास थांबला की इतर पेशंटच्या मानाने तिचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) फार लवकर घसरतं.

बोटावरचा आकडा पाहून समाधान मानणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. साध्या हवेवरही तिचं सॅच्युरेशन ९८ असतं, मास्कखाली चार श्वासांत ते १०० होतं. म्हणजे रक्त भरलं, पण साध्या हवेतून आलेला फुफ्फुसातला नायट्रोजन अजून जागा अडवून बसलेलाच आहे. बघायचा तो बाहेर पडणाऱ्या श्वासातला ऑक्सिजन, ईटीओटू. तो ९० टक्के किंवा वर गेला पाहिजे. गॅस मॉनिटर नसेल तर घड्याळ लावा: नेहमीच्या श्वासावर पूर्ण ३ मिनिटं, वेळच नसेल तर १ मिनिटात ८ खोल श्वास. ऑक्सिजनचा फ्लो दोन्हीकडे मिनिटाला १० लिटर किंवा जास्त.

ईटीओटू ७०-७५ वर अडकला तर

आधी मास्कच्या कडा तपासा. भुलीच्या मशीनची बॅग श्वासाबरोबर हलत नसेल, कॅप्नोग्राफची (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या मॉनिटरची) लाट बुटकी दिसत असेल, तर बाहेरची हवा आत येते आहे. गुदमरू नये म्हणून मास्क बोटभर वर धरणं हा दयाळूपणा महागात पडतो. त्यापेक्षा आधीच सांगा, "ताई, मास्क घट्ट वाटेल, पण यातून ऑक्सिजनच येतोय, नेहमीसारखा श्वास घ्या." वॉर्डातून लावून आणलेला साधा ऑक्सिजन मास्क इथे चालत नाही, तो चेहऱ्यावर घट्ट बसतच नाही.

मास्क नीट बसलाय, पण बॅग प्रत्येक श्वासाला चपटी होते? फ्लो कमी पडतो आहे. सर्कल सर्किट (तोच गॅस पुन्हा फिरवणाऱ्या नळ्यांची जोडणी) असेल तर पेशंटला जोडण्यापूर्वीच ते ऑक्सिजनने भरून घ्या, नाहीतर पहिला मिनिट आतली हवाच धुण्यात जातो. आणि हसू नका, पण मास्क बेन सर्किटला (नळ्यांच्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीला) आणि ऑक्सिजन मात्र बाजूच्या ऑक्झिलरी फ्लोमीटरवर, म्हणजे वेगळ्याच नळीत, चालू, असंही घडतं.

मध्येच मास्क उचलणं

"शेवटचं कधी खाल्लं?" हा प्रश्न मास्क लावण्याआधी विचारा. साध्या हवेचे दोन-तीन श्वास गेले की नायट्रोजन परत आत शिरतो. मग घड्याळ पुन्हा शून्यावर.

सपाट झोपवणं

उजव्या कुशीखाली उशी सगळ्यांना आठवते. पण ती मोठ्या रक्तवाहिन्यांवरचा दाब कमी करण्यासाठी, फुफ्फुसासाठी नव्हे. त्यासाठी टेबलाची डोक्याकडची बाजू २० ते ३० अंश वर हवी. वजन जास्त असेल तर खांद्या-डोक्याखाली इतकं रचा की कान छातीच्या हाडाच्या वरच्या खाचेच्या रेषेत येईल.

भूल दिल्यावर हात बांधून बसणं

नाकातल्या नळीने मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन आधीपासून चालू ठेवा आणि बेशुद्ध झाल्यावर १५ करा. मात्र नळीमुळे मास्क गळत असेल, तर ती मास्क काढतानाच लावा. रॅपिड सिक्वेन्समध्ये (झटपट भूल देऊन लगेच श्वासनळीत नळी घालण्याच्या पद्धतीत) बॅग दाबायचीच नाही, हा जुना हट्टही सोडायला हवा. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २० सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंत हलक्या हाताने श्वास देता येतो. बोटावरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मागे असतो. तो ९३ दाखवतो तेव्हा रक्त त्याखाली गेलेलं असू शकतं. तेव्हा लॅरिंगोस्कोप (श्वासनळीत नळी घालताना घसा पाहायचं साधन) बाजूला ठेवून आधी ऑक्सिजन द्या.

राहिला वेळेचा प्रश्न. सर्जनचं पेंटिंग-ड्रेपिंग (पोट जंतुनाशकाने पुसून कापडं लावणं) मास्क लावल्याबरोबर सुरू करायला सांगा. पोट झाकून होईपर्यंत तुमची तीन मिनिटं झालेली असतात.