‘राइझ’ आणि ‘रेझ’ : नेमका कोणता शब्द वापरावा?

पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची उंची फुटांपेक्षा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात : पाणी कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने याच पुरावर काही ओळी लिहून आणल्या होत्या आणि पहिल्याच ओळीत ‘द वॉटर रेझ्ड’ असे लिहिले होते. इंग्रजी वाचणारा या शब्दांपाशी थांबतो आणि विचारतो, पाण्याने काय उचलले? तिला म्हणायचे होते, पाणी चढले. म्हणजे ‘द वॉटर रोझ’.

हा गोंधळ टाळण्यासाठी प्रथम आपले वाक्य मराठीत मांडावे, कारण हाच भेद मराठीत आपण रोज न चुकता पाळतो. चढणे आणि चढवणे, उठणे आणि उठवणे, वाढणे आणि वाढवणे या जोड्यांतील पहिले क्रियापद अकर्मक आहे, त्याच्या जागी ‘राइझ’ येते. दुसरे सकर्मक आहे, त्याला कर्म लागते आणि त्याच्या जागी ‘रेझ’ येते. लासलगावला कांद्याचे भाव वाढले, तर भाव ‘रोझ’. व्यापाऱ्यांनी भाव वाढवले, तर त्यांनी ते ‘रेझ्ड’.

नंतर वाक्य भूतकाळात नेऊन कर्त्याला ‘ने’ लागतो का, ते पाहावे. ‘त्याने हात वर केला’ यात ‘ने’ आहे, म्हणून ‘ही रेझ्ड हिज हँड’; ‘तो खुर्चीवरून उठला’ यात नाही, म्हणून ‘ही रोझ फ्रॉम द चेअर’. ही कसोटी ‘मी’ किंवा ‘तू’ घेऊन करू नये, कारण तिथे ‘ने’ दिसतच नाही; कर्ता बदलून ‘तो’ किंवा ‘ती’ घ्यावा. केवळ क्रियापदाच्या रूपावरही विसंबू नये. ‘उगवणे’ हे ‘चढवणे’सारखे दिसते खरे, पण ‘सूर्याने उगवले’ असे कोणी म्हणत नाही, सूर्य उगवला असेच म्हणतो. म्हणून तिथे ‘द सन रोझ’.

खरी अडचण पुढे येते, आणि चांगले विद्यार्थीही इथेच अडखळतात. ‘पाणी तीन फूट चढले’ यात ‘तीन फूट’ हे कर्म वाटते आणि हात ‘रेझ’कडे वळतो. अशा वेळी क्रियापदाला ‘काय?’ आणि ‘किती?’ असे दोन प्रश्न विचारावेत. तीन फूट हे ‘किती’चे उत्तर आहे, ‘काय’चे नाही, म्हणून ‘द वॉटर रोझ थ्री फीट’ हेच बरोबर. याउलट गवंड्याने भिंत तीन फूट उंच केली असेल, तर ‘काय?’ला भिंत हे उत्तर मिळते आणि ‘रेझ्ड’ योग्य ठरते.

कर्मणी प्रयोगातही असेच फसायला होते. ‘धरणाचे दरवाजे उचलले गेले’ या वाक्यात दरवाजांपुढे कर्म दिसत नाही, म्हणून मुले ‘रोझ’ लिहितात. परंतु दरवाजे हेच मूळचे कर्म आहे, उचलणारा फक्त सांगितलेला नाही. गंगापूर धरणाचे दरवाजे उचलले गेले आणि रामकुंडावर पाणी चढले, या एका घटनेत दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात : दरवाजे ‘वेअर रेझ्ड’, पाणी ‘रोझ’. हे एक वाक्य मी प्रत्येकाला वहीत लिहून ठेवायला सांगतो.

रूपे मात्र पाठच करावी लागतात : राइझ, रोझ, रिझन, आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड. तिसऱ्या रूपाचा उच्चार ‘रिझन’ असा ऱ्हस्व आहे, ‘राइझन’ नव्हे. ‘रेझ’ (raise) असाच उच्चार असलेला, पण वेगळ्या स्पेलिंगचा (raze) आणखी एक शब्द इंग्रजीत आहे व त्याचा अर्थ जमीनदोस्त करणे असा अगदी उलटा आहे, त्यामुळे लिहिताना अक्षरांकडे लक्ष द्यावे.

‘रेझ’चे अर्थक्षेत्र मोठे आहे. मूल वाढवणे, वर्गणी उभी करणे, हरकत घेणे, प्रश्न उपस्थित करणे या सर्वांना तो चालतो. प्रश्न आपोआप उपस्थित झाला असेल, तर मात्र ‘राइझ’ नव्हे, त्याचे भावंड ‘अराइझ’ वापरावे : ‘अ क्वेश्चन अरोझ’.

हे दोन्ही शब्द नाम म्हणूनही येतात आणि तिथे ‘ने’ची कसोटी उपयोगी पडत नाही. पगारवाढीला ब्रिटनमध्ये ‘राइझ’ म्हणतात, अमेरिकेत ‘रेझ’. तेव्हा सातपूरच्या कारखान्यातून परदेशी पत्र लिहिताना ते कोणत्या देशात जाणार आहे ते आधी पाहावे.