फ्रांकनयुरात वीकेंड क्लाइंबिंग: चढताना नाही, उतरताना होणाऱ्या या चुका टाळा

जर्मनीत एर्लांगन किंवा न्यूर्नबर्गला शिकायला आलेली आपली मुलं दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत क्लाइंबिंग हॉलमध्ये (बंदिस्त जागेतल्या कृत्रिम भिंतींवर) रुळतात आणि मे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मित्रमंडळींसोबत फ्रांकनयुरात, म्हणजे तिथून जवळच्या डोंगराळ भागात, जाऊन धडकतात. बीच वृक्षांच्या झाडीत लपलेले चुनखडीचे कडे, बहुतेक १० ते २५ मीटरचे. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला वाटतं, हे काय, एवढुसं तर आहे! मलाही वाटलं होतं. राजगड-तोरणा एका दमात केल्याचा उपयोग इथे फक्त पायथ्यापर्यंतच्या वाटेवर होतो.

पडायची भीती सगळ्यांना चढताना वाटते. आमच्या गटाच्या गडबडी मात्र जवळपास सगळ्या चढून झाल्यावरच झाल्या.

रोप पुरेल असं धरून चालणं

हॉलसाठी घेतलेली रोप बऱ्याचदा ४० मीटरची असते. आमच्यातल्या एकाने तीच आणली, सेकंडहँड. रूट (कड्यावरची चढाईची ठरलेली वाट) जेमतेम २१ मीटरचा. वर जायला पुरली, म्हणून कोणी हिशोबच केला नाही. पण उतरवताना रोप वर जाऊन परत खाली येते, म्हणजे उंचीच्या दुप्पट लागते, शिवाय गाठीचे आणि बिलेयर (खालून रोप सांभाळणारा) उभा असतो तिथपर्यंतचे दोन-तीन मीटर वेगळे. मी त्याला खाली घेत होतो. एकदम बिले डिव्हाइसपाशी (रोप ज्यातून सोडतात त्या ब्रेकसारख्या साधनापाशी) काहीतरी खट्कन अडकलं. बघतो तर रोपचं टोक, आणि त्याला मारलेली गाठ. मित्र चार-पाच मीटरवर लटकलेला, विचारतोय, ‘‘काय रे, थांबलास का?’’

ती गाठ त्यानेच सकाळी मारली होती, सवयीने. नसती तर टोक डिव्हाइसमधून सुर्रकन निघून गेलं असतं. मी भिंतीपासून लांब उभा होतो, म्हणून पुढे सरकून एका दगडावर चढलो, तेवढा तो खाली आला. उरलेलं तळाच्या पायरीसारख्या खडकावरून हातापायाने उतरला. तेव्हा ६० किंवा ७० मीटरची रोप घ्या, गाईडबुकातली उंची वाचा, आणि काहीही असो, मोकळ्या टोकाला गाठ मारा.

‘सोड’ म्हणजे नेमकं काय?

मराठी मुलांच्या गटाची ही खास चूक. वरून आवाज येतो, ‘‘सोड!’’ म्हणजे थोडी ढील दे? की मला खाली घे? की बिलेतून मोकळं कर? तिन्ही अर्थ बरोबर, आणि तिसरा ऐकला तर माणूस जातो. त्यात शेजारच्या रूटवरचा जर्मन ‘त्सू’ म्हणून ओरडत असतो (रोप ताणून धर) किंवा ‘आब’ (खाली घे), आणि आपला बिलेयर तिकडेच बघतो. शब्द जमिनीवर असतानाच ठरवा आणि प्रत्येक हाकेला आधी नाव लावा. ‘सोड’ हा शब्द तर दिवसभरासाठी बंदच करून टाका.

याची खरी परीक्षा वरच्या अँकरपाशी (रूटच्या माथ्यावर खडकात पक्क्या बसवलेल्या रिंगपाशी) होते. शेवटचा माणूस क्विकड्रॉ (रोप अडकवायचा, दोन टोकांना कड्या असलेला पट्टा) काढून रोप थेट रिंगमधून ओवतो. त्यासाठी आधी स्लिंगने (मजबूत पट्ट्याच्या वेढ्याने) स्वतःला रिंगला अडकवायचं, रोप निसटू नये म्हणून तिचा एक लूप हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लावायचा आणि मगच गाठ सोडायची. हॉलमध्ये वर तयार कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) असतात, त्यामुळे हे कोणी शिकवलेलंच नसतं. घोळ असा होतो: वरचा समजतो आपल्याला खालचा उतरवणार, खालचा समजतो तो रॅपेल करणार (स्वतःच रोपवरून उतरणार), आणि बिले काढून मोकळा होतो. ओवणं जमिनीपासून हातभर उंचीवर, एखाद्या झाडाला स्लिंग बांधून, दहा वेळा करून बघा. आणि ओवल्यानंतर स्लिंग काढण्याआधी रोपवर वजन टाकून पाहा.

अर्ध्यात अडकलात तर

लाज बाळगू नका, एक कॅराबिनर बोल्टमध्ये (खडकात ठोकलेल्या खिळ्यात) सोडून खाली या. दहा-पंधरा युरो जातील. रोप नुसत्या स्लिंगमधून घेऊन उतरू नका, घर्षणाने स्लिंग वितळते. इथे पहिला बोल्ट पुष्कळदा चार-पाच मीटरवर असतो, म्हणून लोक लांब काठी घेऊन येतात आणि जमिनीवरूनच त्यात रोप अडकवतात. त्याला फसवणूक समजणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

ग्रेडचाही, म्हणजे रूट किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याचाही, गोंधळ होतो. जर्मन आकडे यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या मोजपट्टीचे असतात, इथला ७ म्हणजे फ्रेंच ६बी च्या आसपास. जुन्या रूटवरचा ६ हॉलमधल्या ६ ला लाजवतो. पायथ्याशी एखादा लाल ठिपका दिसला तर तो वाटेची खूण समजू नका. १९७५ पासून जर्मन क्लाइंबर कुर्ट आल्बर्ट इथे, रोपवर न लटकता चढलेल्या रूटखाली असे ठिपके रंगवायचा. असं न लटकता चढण्याला म्हणतात तो रेडपॉइंट हा शब्द त्यातूनच आला.

बोटांचं मात्र जपा. या खडकात पकडी म्हणजे भोकं, एका-दोन बोटांची. आपल्या बेसॉल्टवर किंवा हॉलमधल्या प्लास्टिकवर बोटांना असा ताण येत नाही. पहिल्या दिवशी दोन ग्रेड खाली चढा. पाऊस थांबला तरी भोकांतून पाणी झिरपत राहतं, तेव्हा बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवर विसंबू नका. आणि पायथ्याशी पक्ष्यांच्या संरक्षणाची पाटी असेल तर मुकाट पुढचा कडा गाठा. बहिरी ससाणा आणि मोठं शिंगी घुबड या कड्यांवर घरटी करतात, त्या काळात चढाईला बंदी असते.

हेल्मेट हॉलमध्ये कोणी घालत नाही, इथे घाला, बिलेयरनेही. अपघात झाला तर ११२.

राहिलं जेवण. रविवारी बव्हेरियात सुपरमार्केट बंद असतात. आम्ही सहा जणांनी एक रविवार दोन पाकिटं खाकऱ्यांवर काढला आहे. सामान शनिवारीच घ्या. बस रविवारी तुरळक असतात, म्हणून गाडी नसेल तर न्यूर्नबर्गहून पेग्निट्झ खोऱ्यात जाणाऱ्या रेल्वेने रुप्रेख्टश्टेगन किंवा फेल्डनला उतरा. तिथे कडे स्टेशनपासून चालत गाठता येतात, आणि परतीची गाडी चुकली तर पुढचीची वाट बघायला निदान बाक तरी असतो.