स्क्रिप्ट लिहायला शिकताय? आधी घड्याळ घेऊन बसा

माझी पहिली स्क्रिप्ट १४८ पानांची होती आणि मी ती इंदूरला रामबागेत मावशीच्या घरी पाचसहा जणांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवली. चाळिसाव्या पानाला काका घोरायला लागले, ते ठीक आहे, काका कीर्तनातही घोरतात, पण मावशीनं मधेच विचारलं, "अगं पण त्या मुलाला हवंय काय?" आणि मला सांगताच येईना. चाळीस पानांत राजवाडा झाला होता, पाऊस झाला होता, छत्र्या झाल्या होत्या आणि आमचा हिरो नुसता फिरत होता.

तर त्यानंतर मी जे केलं ते सांगते. पुस्तकं नंतर वाचा. आधी एक असा सिनेमा घ्या जो तुम्ही दोनतीनदा बघितलाय, म्हणजे त्यात वाहून जायची भीती नाही, आणि वही घेऊन पॉज करत करत बघा. प्रत्येक सीनला एकच ओळ लिहायची, कितव्या मिनिटाला सुरू झाला, कोणाला काय हवं होतं, संपताना काय बदललेलं होतं. दोन संध्याकाळी जातात, घरचे वैतागतात, पण शेवटी तीनचार पानांत अख्खा सिनेमा हाडांसकट समोर दिसतो.

आता त्या ओळींच्या मधे "म्हणून" किंवा "पण" घालून बघा. चांगल्या सिनेमात बहुतेक ठिकाणी बसतं. मग हेच तुमच्या स्वतःच्या गोष्टीला लावा, आणि जिथे "आणि मग" शिवाय काही बसतच नाही तिथे लाल खूण करा.

उदाहरण म्हणून सराफ्यातल्या सोन्याच्या दुकानात कामाला असलेला एक पोरगा घ्या. माझी जुनी पद्धत अशी की तो दुकान आवरतो, आणि मग बाहेर येऊन गराडू (तळलेला मसालेदार कंद) खातो, आणि मग मित्र भेटतो, आणि मग घरी जातो. छान आहे, इंदूर दिसतं, पण गोष्ट नाही. आता हे बघा: दुकान आवरताना हिशेबात एक अंगठी कमी येते, म्हणून शेठ जेवून परत यायच्या आत त्याला ती शोधायचीय, पण तोवर दुकानं बंद होऊन ओट्यांसमोर रात्रीच्या खाण्याच्या गाड्या लागायला लागल्यात, म्हणून त्याला भुट्ट्याच्या किसाच्या कढईखाली वाकून शोधावं लागतं, पण तो गाडीवाला शेठचाच माणूस आहे. पाच वाक्यं झाली आणि पुढे काय हे तुम्हालाच बघायचंय ना?

स्ट्रक्चरचं गणित फार अवघड नाही. पटकथा शिकवणाऱ्या अमेरिकन सिड फील्डनं १९७९ साली मांडलेला हिशेब सगळे सांगतात, १२० पानं धरली तर साधारण ३० पानं मांडणी, ६० पानं झगडा, ३० पानं निकाल. आपल्याकडे वर इंटरव्हल असतो, म्हणजे बरोबर मधे असं काहीतरी व्हायला पाहिजे की माणूस समोसा खातानाही त्याच विचारात असेल. मला स्वतःला नाट्यशास्त्रातल्या पाच संधी, म्हणजे गोष्टीचे पाच टप्पे, जास्त कामाच्या वाटतात (मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण), कारण सगळे बुडतात ते मधल्या साठ पानांत, आणि गर्भसंधीत सांगितलंय की हवी ती गोष्ट मिळते, हातची जाते, परत शोध सुरू होतो. म्हणजे पोराला अंगठी मधेच सापडू द्या की! सापडली, खिशात घातली, आणि खिसा फाटका. मग दुसरा शोध पहिल्यापेक्षा महागात पडला पाहिजे, तेवढं सांभाळा.

पेसबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे की फास्ट म्हणजे चांगला. आपल्या इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खां साहेब अतिविलंबित झूमरा तालात गायचे, १४ मात्रांचं आवर्तन, इतकं संथ की नवीन माणूस गोंधळून जाईल, तरी बसलेले लोक हलत नसत कारण सगळे समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघत असतात. सीनचंही तसंच आहे. बघणारा कशाची तरी वाट बघत असेल तर पोरगा तीन मिनिटं नुसता झाडू मारत बसला तरी चालतं. वाट बघायला काही नसेल तर पाठलागसुद्धा कंटाळवाणा होतो. आणि सलग तीन सीन एकाच लयीत ठेवू नका, पळापळीनंतर एक बसलेला सीन द्या.

दुसरी गोष्ट, सीनमधे उशिरा शिरा आणि लवकर निघा. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमधे प्रत्येक माणूस दार वाजवून, या बसा करून, पाणी पिऊन मग बोलायचा. शेठ येतो, जयश्रीकृष्ण होतं, जेवण कसं होतं विचारतात, हे सगळं उडवा. सीन इथून सुरू करा:

शेठ (पेटीत बघत) : एक कमी आहे.
पोरगा : मोजतो परत.
शेठ : मी मोजलंय.

बस, कट. पुढचं पोराच्या चेहऱ्यावर दिसेल.

एक पान म्हणजे एक मिनिट हा नियम बारा पॉइंटच्या कुरिअर फॉंटचा आणि ठरलेल्या मार्जिनचा आहे, देवनागरीत फॉंट बदलला की पानंच बदलतात, त्यामुळे मराठीत लिहीत असाल तर पानं मोजू नका, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून ॲक्शनसकट बोलून बघा. मी तेव्हा हे केलं असतं तर कळलं असतं की माझा "छोटासा" सुरुवातीचा सीन नऊ मिनिटांचा होता.

शेवटी परत वाचन ठेवाच, पण यावेळी स्वतः वाचू नका, दुसऱ्याला वाचायला द्या आणि तुम्ही कोपऱ्यात बसून बघा की कोण कधी मोबाईल उचलतंय, तिथे पेन्सिलनं पान नंबर लिहा. कसं वाटलं असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. पोहे-जलेबी मात्र वाचन झाल्यावरच द्या, आधी दिलीत तर काकांचा काही भरवसा नाही.