डाग ब्लाउजवर नाही, कॅमेऱ्यावर आहे

मागच्या नवरात्रात एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "ताई, उजव्या बाहीवर काय सांडलंय?" सोबत मीच पाठवलेला फोटो. राणी रंगाचं रेशीम, बाहीवर आरी वर्कचा मोर, आणि मोराच्या तुऱ्याच्या जरा वर एक करडा, धुरकट ठिपका. हरभऱ्याएवढा. मी ब्लाउज खिडकीशी नेऊन उलटसुलट करून पाहिला. काही नव्हतं. मग आदल्या दिवशीचे फोटो उघडले. हिरव्या खणावर तोच ठिपका, त्याच जागी. गुलबक्षी सॅटिनवरही तोच. तेव्हा आठवलं, दोन दिवसांपूर्वी मशीनवरून कात्री घरंगळली होती आणि तिचं टोक नेमकं फोनच्या कॅमेऱ्यावर पडलं होतं. काचेचा टवका उडालेला. मी त्याकडे बघितलंच नव्हतं, कारण फोन चालू होता.

मी ऐरोलीत घरूनच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दुकान नाही. जे काय दुकान आहे ते व्हॉट्सॲपवर, म्हणजे फोटोवरच. सणाचे दिवस, फोन दुरुस्तीला टाकून बसायची सोय नव्हती. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात विचारलं तर "मॅडम, पूर्ण कॅमेराच बदलावा लागेल" असं ऐकवलं. (बऱ्याच फोनमध्ये वरची काच वेगळी बदलून मिळते. माझी नंतर दुसरीकडे तशीच बदलून मिळाली. तेव्हा आधी तेवढंच विचारा.) तोवर दीड महिना मी त्याच फोनवर काम काढलं, ते कसं ते सांगते.

पहिल्यांदा काच पुसा. हसू नका, अर्धे डाग बोटाच्या तेलाचे असतात. जुनी, धुऊन मऊ झालेली मलमल घ्या. खळ असलेलं नवं कापड नको. टूथपेस्ट लावून चरे घालवायचा उपाय कुणी सांगितला तर करू नका, काचेवरचा पातळ लेप निघतो आणि फोटो कायमचे धुरकट होतात. वर लेन्सचं प्रोटेक्टर चिकटवलेलं असेल तर ते काढून बघा. कधी कधी तडा त्यालाच गेलेला असतो आणि आपण उगाच रडत बसतो.

मग कोरा कागद. खिडकीजवळ पांढरा कागद धरा, सावली पडू देऊ नका, फ्लॅश बंद, झूम एकवर, आणि फोटो काढा. मग फोन थोडा सरकवून आणखी एक. ठिपका दोन्ही फोटोंत चौकटीच्या त्याच कोपऱ्यात असेल तर दोष कॅमेऱ्यात. आता हेच 0.5 वर आणि 2 वर करा. आजकाल मागे तीन-तीन भिंगं असतात, कुठल्या आकड्याला कुठलं चालतं ते कळत नाही. त्यासाठी कॅमेरा चालू ठेवून एकेका भिंगावर बोट ठेवा. ज्याने पडदा काळा होतो, ते चालू आहे. माझं झूम 1 चं भिंग फुटलेलं, 0.5 चं शाबूत. पण 0.5 वर ब्लाउजच्या बाह्या कडेला ताणल्यासारख्या दिसतात, म्हणून ते मला निरुपयोगी.

2 चा मात्र फायदा झाला. माझ्या फोनमध्ये 2 ला वेगळं भिंग नाही, त्याच चित्राचा मधला भाग कापून मोठा होतो. माझा ठिपका वर उजवीकडे कडेला होता, तो कापलेल्या भागात गेला. दोन पावलं मागे सरकून 2 वर काढला की फोटो स्वच्छ. बरेच दिवस मी दुसरं काही केलंच नाही. ठिपका मधोमध असेल तर ही युक्ती चालणार नाही.

फुटलेल्या काचेचा दुसरा त्रास म्हणजे उजेडाच्या रेघा आणि धुकं. खिडकी किंवा बल्ब समोर आला की तड्यातून प्रकाश पसरतो आणि काळं कापडही राखाडी दिसतं. तो नंतर काढणं अवघड. त्यापेक्षा खिडकी पाठीमागे घ्या, ट्यूबलाइट चौकटीबाहेर ठेवा, डाव्या हाताचा आडोसा भिंगावर धरा. उन्हात डोळ्यांवर धरतो तसा.

आता जे फोटो आधीच काढून झालेत त्यांचं. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये फोटो उघडा, टूल्समध्ये हीलिंग, म्हणजे डाग पुसायचं हत्यार. दोन बोटांनी ठिपका मोठा करा आणि मग टिचकी मारा. न मोठं करता बोट फिरवलं तर आजूबाजूचं अर्धं कापड पुसलं जातं. साध्या रेशमावर, भिंतीवर हे सुरेख जमतं. नक्षीवर नाही. हे हत्यार शेजारचं कापड उचलून ठिगळ लावतं. माझ्या मोराच्या बाबतीत त्याने तुऱ्याच्या जागी शेजारची चोच आणून बसवली. एका मोराला दोन चोची! नक्षीवर एकदम न पुसता कडेकडेने, अगदी बारीक टिचक्यांनी आत जा, आणि बिघडलं की मागे घ्या. गूगल फोटोजमधला मॅजिक इरेझर 2024 पासून पैसे न भरता वापरता येतो, पण जरीच्या बाबतीत त्याचंही तेच. तो जरीचे टाके स्वतःच्या मनाने भरतो, आणि गिऱ्हाईक तर टाकेच मोजत असतं.

धुकट फोटोला स्नॅपसीडच्याच ट्यून इमेजमध्ये काँट्रास्ट थोडा वाढवा, डिटेल्समध्ये स्ट्रक्चर थोडं. थोडंच. जास्त ओढलं की राणी रंगाचा लाल होतो आणि पार्सल परत येतं.

दिवाळीच्या ऑर्डरचे चाळीसेक फोटो एकाच डागासकट होते. ते माझ्या लेकीने संगणकावर जिंपमध्ये केले. जिंप म्हणजे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. इथे तो कोऱ्या कागदाचा फोटो कामाला आला. ब्लाउजचा फोटो खाली, कागदाचा वर दुसरा लेयर, म्हणजे थर, आणि वरच्या लेयरचा मोड डिव्हाइड. म्हणजे खालचं चित्र वरच्याने भागायचं. संगणक उजेड 0 (काळा) ते 255 (पांढरा) असा मोजतो, म्हणून भागाकाराला 255 ने गुणतो. कागद सगळीकडे 250 इतका उजळ आणि डागाखाली 200 असेल, तर डागाखालचं 120 भागाकार होऊन 153 च्या आसपास येतं, आणि शेजारचं 150 देखील 153. ठिपका विरघळतो, खालचे टाके मात्र खरेच राहतात. मोराला चोच एकच.

कागदाचा फोटो आधी तयार करावा लागतो. रंग काढून टाका, कागदाचे तंतू जाण्यापुरता थोडा ब्लर द्या, आणि लेव्हल्समध्ये (उजेड कमी-जास्त करायची सोय) कागद जवळजवळ पांढरा होईपर्यंत उजळा. करडा राहिला तर सगळा फोटो पांढराफटक पडतो. दोन्ही फोटो त्याच झूमवर, फोन त्याच बाजूने धरून काढलेले हवेत. आणि मूळ फोटोच घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो, डागावर डाग बसत नाही. जिथे उजेडाने पार पांढरं झालंय तिथे भागाकार काही करू शकत नाही, तो फोटो पुन्हा काढा.

एक फजिती सांगायची राहिली. पुसायचा हात बसला की करडं काही दिसलं की बोट जातंच. एका मोतिया ब्लाउजच्या फोटोतला ठिपका मी असाच पुसून पाठवला. पॅक करताना पाहते तर मशीनच्या तेलाचा खराखुरा डाग. तेव्हापासून प्रत्येक कपड्याचे दोन फोटो काढते, एक सरळ, एक फोन उलटा धरून. ठिपका कापडावर जागा बदलून दुसरीकडे गेला तर तो काचेचा, कापडाला धरून राहिला तर कापडाचा. त्या मोतिया ब्लाउजवर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवला, दोनदा केलं तेव्हा डाग निघाला. फोटोतला तर आधीच निघाला होता.